‘काहून?’ विचारणारं पोट्टं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री निवांत वाचा. पण आपल्या जिल्ह्यातले शिक्षक मित्र आणि ज्यांची लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात ते मायबाप, तुम्ही मात्र शेवटपर्यंत वाचा.

परवा आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर एका प्रशिक्षणाचा फोटो आला. समोर प्रोजेक्टर, त्यावर मोठ्या अक्षरात ‘विद्यार्थ्यांमधील सर्जनशील विचारक्षमतेचा विकास’, आणि खुर्च्यांवर साठेक शिक्षक. त्यातले निम्मे खाली मान घालून मोबाइलवर कुठली तरी माहिती भरताना. त्यांना मी नावं ठेवत नाही. सत्तावीस वर्षं मीही त्याच खुर्चीवर बसलो, तीच माहिती भरली. पण ती ओळ वाचली आणि मला जानेवारी २०२५ मधली एक सकाळ आठवली. ती आधी सांगतो, मग माझं म्हणणं मांडतो.

तुम्हाला आठवत असेलच. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागले होते. आधी डोकं खाजायचं, दोन-तीन दिवसांत केस हातात यायचे आणि आठवड्यात टक्कल. बाया, बाप्ये, शाळेतली पोरं, सगळ्यांचं तेच. चॅनेलवाले आले, आरोग्य खात्याची पथकं आली, आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आले. पहिला संशय पाण्यावर गेला, कारण आपला खारपाणपट्टा. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. कोणी बुरशी म्हणालं, कोणी शाम्पू म्हणालं. व्हॉट्सॲपवर तर ‘टक्कल व्हायरस’ फिरत होता.

तेव्हा मी त्याच पट्ट्यातल्या एका गावात शाळेवर होतो. निवृत्तीला काही महिने उरले होते. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, पट सतरा. परिसर अभ्यासाचा तास चालू होता. चौथीतली एक पोरगी उठली आणि म्हणाली, “सर, आमच्या घरी तिघायचे केस गयले. काकाच्या घरी कोनाचेच नाई गयले. पाणी तं आमी एकाच नयाचं पेतो. मंग काहून?”

मी काय म्हणालो? “डॉक्टर लोक आलेत ना बाई, ते पाहतील. तू पुस्तक काढ.”

तिनं पुस्तक काढलं.

पुढे फेब्रुवारीत डॉ. हिम्मतराव बावस्करांचा अहवाल पेपरात आला. महाडचे डॉक्टर, विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर नाव असलेले, मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. १८ गावांतल्या २७९ माणसांना हा त्रास झाला होता. बावस्करांनी लोकांचं रक्त, लघवी, केस तपासून घेतले, घरातला गहूही तपासला. त्यांचं म्हणणं असं की रेशनच्या दुकानातून आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात सेलेनियम फार जास्त होतं आणि लोकांच्या अंगात जस्त कमी पडलं होतं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी किंचित. ते वाढलं की केस आणि नखं जातात. एप्रिलमध्ये याच गावांतल्या लोकांची नखंही गळायला लागली, हेही तुम्ही वाचलं असेल.

हे वाचताना मला बावस्करांचं कौतुक वाटायच्या आधी स्वतःची लाज वाटली. कारण त्यांनी जो रस्ता धरला त्याची पहिली दोन पावलं माझ्या वर्गातल्या चौथीच्या पोरीनं टाकली होती. कोणाला झालं आणि कोणाला नाही, हे तिनं पाहिलं होतं. दोघांत काय सारखं आहे, हेही पाहिलं होतं. सगळा गाव ज्या पाण्याला दोष देत होता, त्या पाण्यावर तिनं शंका घेतली होती. तिसरं पाऊल मी टाकायला पाहिजे होतं, “काकाच्या घरी वेगळं काय खातात गं?” एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. विचारलं असतं तर कदाचित काहीच निघालं नसतं. काकाची शंभर कारणं वेगळी असू शकतात. पण त्या दिवशी सतरा पोरांनी आपापल्या घरी जाऊन धान्याच्या कोठीत डोकावलं असतं, आणि विज्ञान म्हणजे काय हे त्यांना जन्मभर कळलं असतं.

राजेहो, माझं म्हणणं एवढंच आहे. खेड्यातल्या पोराच्या डोक्यात सर्जनशील विचार बाहेरून भरायची गरज नाही. तो पहिलीत येतो तेव्हा घेऊनच येतो. आपण तिसरी-चौथीपर्यंत तो काढून घेतो, आणि मग सहावीत प्रशिक्षण घेऊन परत घालायला बघतो.

काढून कसा घेतो, ते मी आतून पाहिलंय, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट भाषा. पोरगं विचारतं, “सर, काहून?” आम्ही म्हणतो, “काहून नाही रे, ‘का’ म्हण.” ते म्हणतं, “का गयले?” आम्ही म्हणतो, “गयले नाही, गळले.” तिसऱ्यांदा सुधारेपर्यंत त्याला काय विचारायचं होतं तेच ते विसरतं. आणि चौथ्यांदा विचारतच नाही. शुद्ध बोलायला शिकवू नका असं मी म्हणत नाही. भाषेच्या तासाला शिकवा की. पण प्रश्न विचारताना पोराची जीभ पकडली की त्याचं डोकंही बंद पडतं. हे मी शेकडो वेळा केलंय, आणि चांगलं काम करतोय असं समजून केलंय.

घाटाखालच्या मराठी पोराची ही गत, तर सातपुड्यातल्या पोराचं काय? माझी पहिली नेमणूक १९९८ साली जळगाव जामोद तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. वर्गात कोरकू, बारेला, निहाल अशा घरातली पोरं. तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे, की आपल्या जिल्ह्यात निहाली नावाची एक भाषा आहे जिचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं भाषातज्ज्ञांना नक्की जुळवता आलेलं नाही? बोलणारी माणसं उरलीत दोन-अडीच हजार. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की तिसऱ्या रांगेतला एक पोरगा दोन महिने झाले तोंड उघडत नाही. मी माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा लिहिला होता. निळ्या शाईत, माझ्या हाताचा. अजून डोळ्यासमोर आहे.

मार्च महिना होता. पोरं शाळेत उशिरा यायची, कारण पहाटे उठून मोहाची फुलं वेचायला जायची. मी रागावलो. तर तो ‘मंद’ पोरगा पहिल्यांदा काहीतरी बोलला, आणि शेजारच्यानं त्याचं मराठी केलं, “सर, तो म्हनते का फुलं पहाटंलेच पडते, दिवसा पडत नाई. मोहाले सकाय झाली हे कसं समजते?” मी तेव्हा फळ्यावर झाडाचे भाग काढत होतो. मूळ, खोड, पान, फूल. ती पोरं झाडाचं घड्याळ पाहत होती आणि मी त्यांना झाडाला खोड असतं हे शिकवत होतो.

तो प्रश्न मी टाळला. मराठी येत नाही म्हणून ज्याला मी मंद ठरवलं होतं, त्याचाच तो प्रश्न होता.

आता पुन्हा २०२५ मध्ये येतो. त्या पोरीला गप्प बसवल्यावर मला दोन-तीन दिवस झोप नीट लागली नाही, हे खरं आहे. पुढच्या शनिवारी मी एक साधी गोष्ट केली. स्टीलच्या तीन सारख्या ताटल्या घेतल्या. एकीत शाळेच्या बोअरचं पाणी, दुसरीत नळाचं म्हणजे वान धरणाकडून योजनेतून येणारं, तिसरीत आरओच्या जारचं. प्रत्येकीत पाच-पाच चमचे. पत्र्यावर उन्हात ठेवल्या, पाखरांनी तोंड घालू नये म्हणून वरून जुनी मच्छरदाणी. आणि पोरांना म्हटलं, काय होईल ते आधी लिहून ठेवा.

बहुतेकांनी लिहिलं, “पाणी वाळून जाईल.” एकीनं लिहिलं, “बोअरचं वाळणार नाही, ते जड आहे.” चुकीचं होतं, पण विचार केलेला होता. सोमवारी बोअरच्या ताटलीत पांढरा जाड थर, नळाच्या ताटलीत हलकीशी कडा, जारच्या ताटलीत जवळजवळ काही नाही. पोरांनी बोट लावून चाटलं. मी नको म्हणायच्या आत चाटलं. “खारट हाये!”

आपण पूर्णा खोऱ्यातली माणसं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा मिळून शेकडो गावं या खाऱ्या पाण्यावर जगली. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. घरटी नाही तरी गावटी किडनीचे पेशंट आहेत. जळगाव जामोद आणि संग्रामपूरमध्ये तर त्याची यादी करायची म्हटली तर हात दुखतील. या पोरांच्या आज्या-काक्या त्या पाण्यानं झिजल्या आणि शाळेच्या पुस्तकात ‘पाण्याचे गुणधर्म’ रंग नसणे, चव नसणे, वास नसणे. पोरगं लिहितं ‘पाण्याला चव नसते’ आणि घरी जाऊन खारट पाणी पितं. त्यातून ते काय शिकतं? की शाळेतलं पाणी वेगळं आणि घरचं वेगळं.

तर त्या सोमवारी ताटल्या बघता बघता मागून एक पोरगा बोलला. वाचताना अजून अडखळायचा, गणितात कच्चा, शाळा बुडवून बापासोबत बकऱ्या चारायला जायचा. डिसेंबरमध्ये आमची सहल लोणारला गेली होती. तो म्हणाला, “सर, मंग लोनार म्हंजे लय मोठी ताटलीच हाये का?”

मी खडू खाली ठेवला.

लोणारचं विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेलं. पावसाचं पाणी आत येतं, झऱ्यांचं येतं, पण वाहून बाहेर जायला वाट नाही. पाणी जातं ते वर, वाफ होऊन. क्षार मागे राहतात, हजारो वर्षं साठत जातात. त्या पोरानं हे कुठं वाचलं नव्हतं. त्यानं ताटली पाहिली होती आणि विवराच्या काठावर उभा राहिला होता, आणि दोन्ही जोडून टाकलं. वर्गात एकदम गलका झाला. “मंग ते वाफ होऊन आटत काहून नाई?” “मंग आपल्या गावाखालीबी ताटली हाये का?” हा शेवटचा प्रश्न भूजलवाल्यांनी विचारावा असा आहे.

आणखी एक गंमत करता येते, ज्यांना करायची त्यांनी करा. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, हे पोरांनी घरी पाहिलेलं असतं. वहीच्या कागदाला ओली हळद फासून वाळवायची, पट्ट्या कापायच्या. एक पट्टी बोअरच्या पाण्यात, एक साबणाच्या पाण्यात, एक राखेच्या निवळीत, आणि सहलीला गेलात तर एक लोणारच्या काठाला बुडवायची. (पाणी बाटलीत भरून आणू नका, ते अभयारण्य आहे, रामसर यादीतलं आहे.) खारं पाणी सगळीकडे एकसारखं असतं का, याचं उत्तर पोरांना पट्टीच देईल. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा आपल्याकडे चमत्काराच्या पोस्टी फिरल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगामुळे तसं झालं. लोणार आपलं, प्रश्न आपला, आणि जिल्ह्यातल्या किती शाळांत त्यावर एक तास झाला? आपल्या सहली लोणारला जातात, दैत्यसूदनाचं मंदिर बघतात, डबे खातात, परत येतात. उल्का कधी पडली यावर शास्त्रज्ञांचे आकडे ५० हजार वर्षांपासून पाच लाखांच्या वरपर्यंत जातात. हे चौथीच्या पोराला सांगा ना. मोठ्या माणसांचंही अजून ठरलेलं नाही हे कळलं की पोरांचे डोळे कसे चमकतात ते बघा.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सगळं निवृत्त झाल्यावर सुचलं का? बरोबर आहे. नोकरीत का केलं नाही, तेही सांगतो.

शाळेत विज्ञानाची पेटी होती. भिंग, लोहचुंबक, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा. ती आठ वर्षं कपाटात होती. कुलूप मी लावलं होतं. कारण ती डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली. एक नळी फुटली की लेखी खुलासा, आणि चार्ज देताना वस्तू कमी भरली की खिशातून भरा. न वापरलेल्या पेटीबद्दल मला एकाही तपासणीत कोणी बोललं नाही. फुटलेल्या नळीबद्दल मात्र बोलले. मग माणूस काय करणार?

पुस्तकं वाईट नाहीत बरं का. बालभारतीच्या परिसर अभ्यासात ‘करून पहा’, ‘सांगा पाहू’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी आहेत, चांगल्या आहेत. पण आपल्याकडे ‘जरा डोके चालवा’चं उत्तर गाईडमध्ये छापून मिळतं, शिक्षक ते फळ्यावर लिहितो, पोरं उतरवून घेतात आणि पाठ करतात. डोके चालवण्याचं उत्तर पाठ! एवढा मोठा विनोद कुठल्याही नाटकात सापडणार नाही.

विज्ञान प्रदर्शनाचं तर बोलायलाच नको. थर्मोकोलचा ज्वालामुखी, इंजेक्शनच्या सिरिंजचा जेसीबी, पवनचक्की. निम्मी मॉडेलं दुकानातून आणलेली, उरलेली बापानं रात्री जागून बनवलेली. पोरगं मांजरपाटाच्या टेबलक्लॉथमागे उभं राहून “आदरणीय परीक्षक महोदय” म्हणत पाठ केलेलं सांगतं. मी परीक्षक म्हणून बसलोय. एका पोराला विचारलं, यात तुला काय समजलं नाही? त्यानं घाबरून सरांकडे पाहिलं. इन्स्पायर-मानकला कल्पना मागवतात, निवडलेल्या पोराला दहा हजार रुपये मिळतात, योजना चांगली आहे, पण ती सुरू होते सहावीपासून. तोवर आमच्या हातून बरीच पोरं गप्प झालेली असतात.

“हे शहरात चालतं, खेड्यात नाही,” असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. आपल्या सातपुड्याच्याच पलीकडे, मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ सरकारी शाळांत एक प्रयोग सुरू झाला, होशंगाबाद विज्ञान. सहावी ते आठवीची, खेड्यातली, आपल्यासारखीच शेतकऱ्या-मजुरांची पोरं. पाठ करायचं पुस्तकच नाही, प्रयोगाची वही. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची परवानगी, आणि हातानं प्रयोग करून दाखवायची वेगळी परीक्षा. टाटांच्या कारखान्यातून रजा घेऊन तिथं गेलेल्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून खेळणी बनवली, जी पुढे पुण्यातून देशभर पोचली. आणि ‘सवालीराम’ नावाचं एक मनातलं पात्र होतं, ज्याला कुठलंही पोरगं पोस्टकार्डावर कुठलाही प्रश्न पाठवू शकायचं आणि त्याला उत्तर यायचं. पुढे हा कार्यक्रम कित्येक शाळांत पसरला, तीस वर्षं चालला. २००२ साली सरकारनं बंद केला. बंद पडला म्हणून तो फसला असं मी मानत नाही. तीस वर्षं सरकारी मास्तरांनी, सरकारी शाळेत, खेड्यात हे करून दाखवलं, एवढं मला पुरे आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आमचे एक केंद्रप्रमुख नेहमी म्हणायचे, पोरांना धड वाचता येत नाही आणि तुम्ही प्रयोग काय करता? त्यांचं चुकत नव्हतं. पालकही नवोदय आणि शिष्यवृत्ती बघतात, त्यांचंही चूक नाही, गरिबाच्या पोराला तेवढीच एक शिडी दिसते. पण तो ‘ताटली’वाला पोरगा सांगतो तुम्हाला. त्या सोमवारी त्यानं स्वतःहून वहीत चार ओळी लिहिल्या. ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं, लोणारचा ‘ण’ ‘न’ झालेला. पण ज्याला मी वर्षभर एक वाक्य लिहायला लावू शकलो नव्हतो, त्यानं चार लिहिली, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही होतं.

भेंडवळचं बोलल्याशिवाय ही पोस्ट पुरी होणार नाही, मग मला कोणी काय म्हणायचं ते म्हणो. दरवर्षी अक्षय तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होते. शेतात घट आखतात, अठरा प्रकारची धान्यं मांडतात, मधे मातीची ढेकळं पावसाच्या चार महिन्यांची, त्यावर पाण्याची घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं, पिकाचं भाकीत सांगतात. हजारो शेतकरी ऐकायला येतात. माझे वडीलही जायचे. काही शिक्षक वर्गात सांगतात की हे सगळं थोतांड आहे. काही सांगतात की पूर्वजांचं शास्त्र आहे. दोघंही पोराचं डोकं वापरत नाहीत.

मी असतो तर काय केलं असतं? (आणि हे मी केलं नाही, याची खंत आहे.) सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा फनेलसारखा बसवायचा, तळ सपाट करायला आत थोडे खडे आणि खूण केलेल्या रेषेपर्यंत पाणी. झालं पर्जन्यमापक. भेंडवळचं भाकीत पेपरातून कापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायचं. त्याखाली हवामान खात्याचा अंदाजही चिकटवायचा, न्याय सगळ्यांना सारखा. शाळा जूनच्या शेवटाला उघडते, तेव्हापासून रोज सकाळी एका पोरानं पाऊस मोजून लिहायचा. सप्टेंबर संपला की वही उघडायची. पोरं लगेच अडतात. भाकितात ‘साधारण पाऊस’ म्हटलंय. साधारण म्हणजे किती मिलिमीटर? पहिल्या दिवशीच ठरवायला पाहिजे होतं ना, सर? बस. विज्ञानातली सगळ्यात अवघड गोष्ट त्या पोराला कळली, आणि कोणाच्या श्रद्धेला धक्का न लावता कळली. पुढच्या वर्षी ते आधी ठरवेल. मोठं झालं की पुढाऱ्याच्या भाषणातही ‘साधारण’ कुठं कुठं आहे ते शोधेल. म्हणूनच कदाचित आपल्याला हे नको असतं.

आणि हो, छोट्या शाळांबद्दल. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा परवडत नाहीत, त्या मिळवून समूह शाळा करा, असं २०२३ पासून चाललंय. घाटावर आणि सातपुड्यात अशा किती शाळा आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. पाच किलोमीटर दूरच्या शाळेत पोरगी पाठवेल का कोणी? ती घरी बसेल. पण नुसतं ‘शाळा वाचवा’ म्हणून भागणार नाही. सतराच्या पटात प्रत्येक पोरगं रोज एक प्रश्न विचारू शकतं, साठच्या वर्गात ते होत नाही. छोट्या शाळेची ही एक ताकद आहे, आणि आपण ती कधी दाखवलीच नाही. आपण तिथंही साठच्या वर्गासारखंच शिकवत राहिलो.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली ते चौथीच्या विज्ञान साहित्याची फूटतूट वसुली न करता नोंदून घ्या, हे जिल्हा पातळीवर एका पत्रानं होण्यासारखं आहे. २०२४ पासून आनंददायी शनिवार कागदावर आहेच, त्यातला एक तास पोरांच्या प्रश्नाला द्या. भिंतीवर खिळ्याला एक वही टांगा. पोरगं जे विचारेल ते त्याच्याच बोलीत जसंच्या तसं लिहा, तारीख आणि नाव घालून. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, शोधू’ असं लिहा, शिक्षकाची इज्जत जात नाही त्यानं. कायद्याचंही पाठबळ आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९, त्यात कृतीतून आणि शोधातून शिकणं स्पष्ट लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी बैठकीत पोषण आहारासोबत ही वहीही मागून बघावी. अधिकारी मित्रांना मात्र हात जोडून एक विनंती. उद्या याचा तक्ता काढू नका. ‘आठवड्यातील काहूनची संख्या’ अशी लिंक आली तर मास्तर बसून वीस काहून स्वतःच लिहील. मीही लिहिले असते.

ती केसवाली पोरगी गेल्या महिन्यात बाजारात भेटली. तिच्या मायचे केस परत आलेत, म्हणाली. मी तिची माफी मागितली. तिला ती गोष्ट आठवतही नव्हती. हे मला जास्त लागलं.

आता कमेंटमध्ये तुमच्या घरातल्या, शाळेतल्या पोरानं या आठवड्यात विचारलेला एक प्रश्न टाका. वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीतच, कोरकूत असेल तर कोरकूत, सुधारू नका. पहिला मीच टाकतो, सातपुड्यातल्या त्या पोराचा, १९९९ च्या मार्चमधला, अजून माझ्यावर उधार असलेला. मोहाले सकाय झाली हे कसं समजते? वनस्पतिशास्त्रवाल्यांनो, दोन दिवस दम धरा. आधी पोरांना डोकं लावू द्या.